पेरूच्या बुडाशी तनस

सुमन गेल्यानंतर दीड वर्ष मी नागपूरबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग मोहाडीजवळच्या तिच्या माहेरातून साळ्याचा, रामदासचा, फोन आला. तिनं लावलेली पेरूची सात झाडं पिवळी पडलीत, येऊन बघा, नाहीतर उपटून धान लावतो म्हणाला. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. निघालो.

जाणार असाल तर सकाळची भंडाऱ्याची एसटी पकडा, खिडकी मिळते. मी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली, ती उचलायलाही कोणी सांगितलं नाही. शहापूर मागे पडलं की भंडारा आलंच. स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या, मोहाडीच्या गाडीची वाट बघावी लागते. पुढे दोन्हीकडे कापलेल्या धानाचे पुंजणे, गंजीसारखे रचलेले ढीग. नोव्हेंबरात इकडे यावं, सोबत असेल तर फारच छान.

रामदास जन्मभर धानातला माणूस. त्यानं प्रत्येक झाडाभोवती धानाच्या बांधीसारखी मातीची पाळ घालून पाणी तुंबवलं होतं, वर खोडाला चिकटवून तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. शेजारच्या वच्छलाबाईंची पेरूची बाग आहे. त्यांनी तनसात हात घातला, तर खोडाची साल लिबलिबीत.

"धानाले पाण्यात उभं राहाले आवडते," त्या म्हणाल्या. "पेरूचा जीव जाते."

मी रामदासवर चिडलोच. कायले रोज पाणी दिलंस, विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "ताई दवाखान्यातून फोनवर बोलली होती. झाडाले पाणी कमी पडू नको देजो, म्हणे."

ते मला माहीतच नव्हतं. दीड वर्ष मी इकडे फिरकलोही नव्हतो आणि हा तिचा शब्द पाळत होता. मला फार लाज वाटली.

दोन दिवस तिघांनी पाळी फोडल्या, तनस खोडापासून वीतभर लांब पातळ पसरलं, ठिबकची नळी झाडाच्या सावलीच्या कडेला नेली. मातीत बोट खुपसायचं, ओल लागली तर पाणी नाही. दोन झाडं गेली. पाच तगतील, असं वच्छलाबाई म्हणाल्या.

आता नागपुरात रोज संध्याकाळी रामदासचा फोन येतो.

"भाऊजी, आज देऊ का पाणी?"

बोट घालून पाहिलंस का, मी विचारतो. ओल आहे म्हणतो. मग नको, म्हणतो मी. अर्धं मिनिट. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलतं ते एवढंच. त्याचं त्याला आता कळतं, विचारायची गरज नाही. पण हे मी त्याला सांगितलेलं नाही.