खिडकीतला टेम्पो

लांबण लावणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. मुद्द्यावर या ना बाबा! म्हणूनच आमच्या भाषण मंडळात वेळ संपल्याची घंटी माझ्या हातात दिलेली होती. मंडळ भरायचं धामणकर नाक्यावर, एका चाचांच्या लूमच्या वरच्या खोलीत, तेही शुक्रवारी, कारण त्या दिवशी खालचे माग बंद असत. एरवी तिथे आपला आवाज आपल्याला ऐकू आला तरी नशीब. मराठीत बोला, हिंदीत बोला, मिसळून बोला, पण उभं राहून बोला, एवढाच चाचांचा नियम होता.

मिस्ड कॉल देऊन माणसाला खाली बोलवायचे ते दिवस. एका शुक्रवारी आयत्या वेळचे विषय देणारे मास्तर ट्रॅफिकमध्ये अडकले आणि चाचा मला म्हणाले, "मॅडम, आज का मामला तुम्ही सांभाळा." माझ्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या, डोक्यात विषय नव्हते. मी सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाहेर जे पहिलं दिसेल तो विषय, कुरकुर चालायची नाही. एकाला भजीवाला मिळाला, एकाला तारेवर अडकलेला पतंग. पतंगवाला असा काही बोलला की चाचांनी दोनदा टाळ्या वाजवल्या.

मग उरल्या सरपंचबाई. काल्हेरच्या पलीकडच्या एका गावच्या. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून निवडून आलेल्या, पण गावात "सरपंच" अशी हाक मारली की ओ द्यायचे त्यांचे यजमान. सह्या बाईंच्या, बोलणं यजमानांचं. गावच्या शाळेच्या फाटकासमोर गोदामांचे ट्रक दिवसभर उभे असायचे आणि एक पोरगी चाकाखाली येता येता वाचली होती. येत्या ग्रामसभेत हा विषय आपण स्वतः, स्वतःच्या तोंडाने मांडायचा, एवढ्यासाठी बाई आमच्याकडे येत होत्या. महिना झाला तरी नाव आणि गाव सांगून त्या खाली बसत. यजमान त्यांना मोटरसायकलवरून आणत आणि मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसत.

बाईंना काहीतरी सोपं द्यावं म्हणून मी खिडकीतून गजरेवाली शोधत होते. तेवढ्यात कापडाच्या गाठींचा डोंगर लादलेला एक टेम्पो आला आणि बरोब्बर खिडकीखाली आडवा उभा राहिला. गजरेवाली गेली, भजीवाला गेला, सगळा नाका झाकला गेला. आता आली का पंचाईत! नियम माझाच होता. मी म्हटलं, "विषय, टेम्पो. सरपंच, या पुढे."

आणि यजमान उठले. पेपरची घडी घातली, शर्ट खाली ओढला आणि आले की टेबलापाशी! गंमत म्हणजे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मीसुद्धा घंटी घेऊन तयार. ते सुरूही झाले, "टेम्पो हे वाहतुकीचं महत्त्वाचं साधन हाय..."

"आवो, बसा तुमी," मागून आवाज आला. "नंबर माजा हाय."

खोलीत हशा पिकला. यजमान लालबुंद झाले आणि खुर्चीत जाऊन बसले. बाई पुढे आल्या, पदर खोचला आणि गप्प उभ्या राहिल्या. इतका वेळ गप्प की एरवी मी दुसऱ्या कुणाला हाकललं असतं. पण त्यांचे ओठ हलत होते. बोल गं बाई, बोल, असं मी मनात म्हणत होते, घंटी मुठीत घट्ट धरून.

"ह्या टेम्पोवाल्याला मी शिव्या देनार न्हाय," त्या म्हणाल्या. "तो कुठं उबा करील गाडी? गोदामवाल्यानं आत जागाच ठेवली न्हाय. सगळ्या जागेत गाळे बांदले. भाडं आत जातं, गाडी बाहेर राहते." मग यजमानांकडे बघून म्हणाल्या, "आमचा पन गाळा हाय. शाळेसमोर पहिला ट्रक उबा असतो, तो आमच्याच गाळ्याचा."

कुणी हसलं नाही. पेपर खाली पडला होता, तो उचलायचं यजमानांना सुचलं नाही. वेळ केव्हाच संपला होता आणि मी, घंटीसाठी बदनाम असलेली बाई, घंटी चक्क पर्समध्ये टाकून बसले होते. घरच्या भाकरीवर बोट ठेवायला काय काळीज लागतं, ते मला माहीत आहे. माझी छाती नसती झाली.

जिना उतरताना यजमान पुढे, बाई मागे. मी विचारलं, "आता घरी?" त्या म्हणाल्या, "घरी काय व्हायचं ते होईल. बोलून तर झालं."

ग्रामसभेला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या, गोदामवाले सगळे पुढच्या रांगेत, बहुतेक बाईंच्याच भावकीतले. ट्रकचा विषय निघाला तसा एकजण ओरडला, "सरपंचांचं काय म्हणनं हाय?" आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या माना यजमानांकडे वळल्या. तेही सवयीने अर्धे उठले.

अर्धे उठलेले यजमान क्षणभर तसेच राहिले. मग परत मांडी घालून बसले आणि जरा चिडूनच म्हणाले, "माज्याकडं काय बघता? सरपंच ती बसली हाय."

बाई उठल्या. या वेळी त्या एक क्षणही गप्प राहिल्या नाहीत.

"आदी आमच्या गाळ्यापासून सुरवात करू," त्या म्हणाल्या.