शाल पांघरलेलं मशीन

धाकट्या भावानं आणि मी मिळून नांदेडला सोयाबीनचा ओलावा मोजायचं मशीन केलं. बोर्ड त्यानं जोडला, सी भाषेतला प्रोग्राम माझा. लातूरच्या एका आडत्याकडे ते पास झालं तर पुढं औशापर्यंत मशीनं जाणार होती. नाही झालं, तर भाऊ पुण्याला नोकरीवर. त्याची बॅग गाडीच्या मागच्या सीटवर भरून ठेवलेली. मला तो जायला नकोच होता, पण तोंडानं म्हणवत नव्हतं.

लॅपटॉपवर प्रोग्राम चोख चालायचा. बोर्डवरची चिप मात्र एवढीशी. दशांशांचे हिशेब करता करता तिला धाप लागायची. म्हणून मी दशांशच काढून टाकले. सगळे आकडे पूर्णांकात आणले आणि जमेल तिथं मेमरीच्या सगळ्यात लहान खणात कोंबले. मशीन पळायलाच लागलं. दसऱ्याच्या उन्हात नांदेडला सगळं बरोबर.

थंडीत लातूरला गेलो. सकाळी आडतीवर मशीन मांडलं, तर खडखडीत वाळलेलं सोयाबीन म्हणे पाण्यात भिजलंय! दुपारी तेच पोतं, आकडा बरोबर. दुसऱ्या सकाळी पुन्हा बोंब. तेच आकडे लॅपटॉपला दिले तर तो शहाण्यासारखं खरं उत्तर देई. दव म्हणावं की व्होल्टेज? डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी मी भावावरच घसरले, तुझी जोडणीच कच्ची म्हणून. तो बाजूला गेला आणि नोकरीवर येतो म्हणून पुण्याला फोन करून आला.

तिसऱ्या सकाळी आडत्यानं अंगावरची शाल काढून मशीनवर घातली. "त्याला बी थंडी वाजून राहिली असंल, ताई." मला हसावं की रडावं कळेना. पण शालीखाली मशीन स्वतःच्याच गरमीनं उबेला आलं, अन् आकडा बरोबर!

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. ओलावा तापमानाप्रमाणे सुधारून घ्यावा लागतो. पंचवीस अंशांच्या वर गेलं की फरक अधिक, खाली आलं की उणे. आम्ही नांदेडची माणसं. उन्हात तपासून मोकळे झालो, उणे कधी आलंच नाही. ज्या लहान खणात मी तो फरक ठेवला होता, त्यात लॅपटॉप उणे आकडा मानतो. ही चिप मानत नाही, उणे तेराचे सरळ दोनशे त्रेचाळीस करते.

प्रोग्राममध्ये एक शब्द वाढवला, इथं उणेही येतं एवढं सांगणारा. पुढच्या सकाळी शालीशिवाय आकडा बरोबर आला. आडत्या खुशीत शाल लपेटून चहा सांगायला गेला.

पण भावाची पुण्याची बस दुपारचीच होती.

"तुझा बोर्ड पक्काच होता," मी म्हणाले. "जाऊ नको रे."

त्यानं मशीन उचललं. गाडीच्या मागच्या सीटवरची बॅग डिक्कीत टाकली आणि तिच्या जागी मशीन ठेवून पट्टा लावला.

"औशाला पहाटे लई थंडी राहते," तो म्हणाला. "तिथं बी बघावं लागंल."