वसंताने धरलेला हात

परवा भाचीने मला मनीषनगरातल्या गच्चीवरच्या बारमध्ये नेलं. तिथे पुरुष पुरुषांसोबत मोकळेपणाने नाचत होते. कूलरच्या ओल्या खसचा वास आला आणि मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला.

पुरुषांवर जीव जडलेले आम्ही पाच जण गांधीबागेतल्या एका परमिट रूममध्ये संध्याकाळी भेटायचो. त्या दिवशी मालक म्हणाला, "तुमच्यासारख्याले इथं जागा नाही."

मी उठलोच होतो. कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या वसंताने सगळ्यांदेखत माझा हात धरला. "काहून उठू गा? आमी काय चोरी करून राहिलो?"

मालक आत गेला. मी परत बसलो. पुढच्या रविवारीही आम्ही पाचही जण गेलो.