मुन्तहा म्हणजे आता बास

ऐन-तूत गावच्या चौकात रविवारी सकाळी उलट्या तव्यावर भाकऱ्या भाजते ती बाई कोण, असं कुणालाही विचारलं तर उत्तर यायचं, उम्म नस्री. नस्रीची आई. तिचं स्वतःचं नाव काय, हे विचारायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि तिने तरी कशाला सांगावं? तिला ते नाव मुळात आवडतच नव्हतं.

डोंगरापलीकडच्या गावात इब्राहीम नासिफच्या घरी एकापाठोपाठ चार मुली झाल्या. पाचवी झाली तेव्हा बापाने पोरीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. मुन्तहा, म्हणाला. म्हणजे हद्द झाली, आता बास. देवाला ऐकू जावं म्हणून नावच तसं ठेवलं, आणि ते ऐकू गेलंही, कारण पुढच्या खेपेला मुलगा झाला. सगळे म्हणाले, पोरीचं नाव लागू पडलं बघा. पोरीला काय वाटलं, ते कुणी विचारायला गेलं नाही. शाळेत हजेरीला ते नाव पुकारलं की मागच्या बाकावर हमखास कुणीतरी खुसखुसायचं. लग्न होऊन ती शाहीनांच्या घरी आली, नस्री झाला, आणि आमच्या रीतीप्रमाणे अख्खं गाव तिला उम्म नस्री म्हणू लागलं, तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास सोडला. नवरा तौफीकसुद्धा तिला उम्म नस्रीच म्हणे. मुन्तहा नासिफ हे माहेरचं नाव तेवढं ओळखपत्रावर राहिलं आणि ओळखपत्र कपाटात.

आता धुराचं सांगतो. गावाच्या खालच्या आळीमागे एक घळ आहे. नगरपालिकेचा ट्रक सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्या घळीत कचरा ओतायचा आणि कुणीतरी त्याला काडी लावायचं. कोण लावतं, असं अध्यक्ष फद्लो शाहीनला विचारलं की तो म्हणे, ऊन फार असतं, आपोआप पेटतं. शनिवारी-रविवारी काय ऊन सुट्टीवर जायचं? शनिवारी तोच ट्रक माती टाकून आग विझवायचा आणि रविवारी गाव कसं चित्रासारखं दिसायचं.

हे सगळं मतांसाठी. आमच्याकडे माणूस राहतो तिथे मत देत नाही, आजोबांचं नाव जिथे नोंदलंय तिथे देतो. ऐन-तूतचे निम्म्याहून जास्त मतदार बैरुतमध्ये राहतात. रविवारी मोटारी भरभरून येतात, चर्चमध्ये मेणबत्ती लावतात, चौकात झातर नावाचा सुका मसाला लावलेली गरम भाकरी, म्हणजे मनूशे, खातात, आजोबांच्या अंजिराखाली फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. धूर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ज्यांनी तो रोज गिळला, ते खालच्या आळीतले लोक बरेचसे भाडेकरू, त्यांची मतं दुसऱ्याच गावांत. फद्लोला हे सगळं पाठ होतं.

उम्म नस्रीचं घर खालच्या आळीतलं. धुराची तिला सवय झाली होती, म्हणजे सवय झाली असं ती स्वतःला सांगायची. पण एका मंगळवारी तिची मुलगी रुला छोट्या नायाला घेऊन बैरुतहून राहायला आली. वारा घळीकडून होता. दुपारी पोरगी अंगणात खेळता खेळता खाली बसली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ निळसर पडले. तौफीकने गाडी इतक्या जोरात हाकली की डॉक्टरच्या दारातली कुंडी फुटली. पोरगी वाचली, देवाची कृपा. पण निघताना रुलाने आईचा हात धरून सांगितलं, "आई, राग मानू नकोस. आता मी हिला इथे नाही आणणार. रविवारीसुद्धा नाही."

उम्म नस्री दारात उभी राहिली. गाडी वळणाआड गेली तरी तिथेच उभी राहिली. मग आत येऊन तिने एप्रन सोडला आणि तडक नगरपालिकेत गेली.

फद्लो नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याने उठून स्वागत केलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि ती बोलत होती तेवढा वेळ गोड हसत राहिला. शेवटी म्हणाला, वहिनी, तुझ्या मनूशेसारखं मनूशे अख्ख्या डोंगरात मिळत नाही. बास, एवढंच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉफी तशीच ठेवून ती बाहेर पडली, आणि पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी उमेदवारीचा अर्ज भरून आली.

गावात हसण्याची लाट आली. भाकऱ्या भाजणारी बाई नगरपालिकेत! तौफीकने कपाळाला हात लावला. तो आयुष्यभर शाळेची बस चालवलेला सरळमार्गी माणूस, भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. शाहीनांच्या घरातलं मत शाहीनांनाच जातं, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तो म्हणाला, मी फद्लोच्या विरुद्ध जाणार नाही, आणि तुझ्याही विरुद्ध बोलणार नाही, मला यात ओढू नको. ती म्हणाली, नको बोलूस, तवा तेवढा चौकात नेऊन ठेव. ते मात्र त्याने इमानेइतबारे केलं.

महिनाभरात हसणं कमी झालं. ती दारोदार गेली. मोठ्या गप्पा नाहीत, एकच मागणं: घळीतली आग बंद, कचरा वेगळा करायची शेड सुरू. आणि चौकात तव्यामागे तिने दोरीवर एक टेबलक्लॉथ टांगला. सोमवारी धुऊन अंगणात वाळत घातलेला, शुक्रवारी काढलेला. मूळचा पांढरा. बैरुतची माणसं विचारायची, हा एवढा मळका का टांगलाय? ती म्हणायची, बोट लावून बघा. बोट काळं व्हायचं. मग ती म्हणायची, तुम्ही शहरात असता ना, तेव्हा आमच्याकडे हे पडतं. खात्यापित्या माणसांचे घास हातात थांबायचे.

फद्लोला वारा कळला. त्याने आरडाओरडा केला नाही, पोस्टर फाडली नाहीत. त्याने फक्त वरच्या आळीतल्या लबीबेला आपल्या गटातून उभं केलं. लबीबेच्या मोठ्या मुलाचं नावही नस्री. म्हणजे तीही उम्म नस्री.

ज्यांना यातली मेख कळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मत म्हणजे कागदावर हाताने नावं लिहायची. बारा जागा, बारा नावं. एखाद्या गटाची छापील चिठ्ठी घेऊन नको ते नाव खोडून हवं ते वर लिहिलं तरी चालतं. पण नाव कुणाचं ते नक्की कळलं पाहिजे. दोन उम्म नस्री उभ्या असल्या आणि कागदावर नुसतं उम्म नस्री लिहिलं, तर ते मत कुणाचंच नाही. बाद. आणि गावात तिला दुसऱ्या नावाने ओळखणारं कोण होतं?

त्या संध्याकाळी तिने कपाटातून ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. जे नाव झाकायला अर्धं आयुष्य गेलं, तेच आता चौकात ओरडून सांगायचं. लोक पुन्हा खुसखुसणार. बाप नकोशी म्हणाला होता ते गावाला कळणार. तिला खरंच रडू आलं. मग तिने ते नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं, फक्त स्वतःसाठी. हद्द झाली. आता बास. आणि रडता रडता तिला हसू फुटलं, कारण गेले दोन महिने ती दारोदार फिरून दुसरं काय सांगत होती?

पुढच्या रविवारी चौकात तव्याशेजारी पाटी लागली: "मुन्तहा. म्हणजे आता बास." आणि तिने जाहीर केलं, जो उम्म नस्री म्हणेल त्याला भाकरी नाही.

रांग जागच्या जागी थांबली. आपल्या आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची? जीभ वळेना कुणाची. मोठमोठे वकील, बँकेतले साहेब, हातात पैसे घेऊन चुळबुळत उभे. एकाने उम्म म्हणून सुरुवात केली आणि तिने उलथणं उगारलं. पाद्रीबाबा तर म्हणाले, मुली, तुला मुलीच म्हणू दे मला आणि एक चीजचं दे. तिने त्यांनाही दिलं नाही. भाकऱ्या करपायला लागल्या. वरच्या आळीतली काही माणसं नाकं मुरडून निघूनही गेली, आणि तिला वाटलं, संपलं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तेवढ्यात मागून कुणीतरी माणसं बाजूला सारत पुढे आलं. लबीबे. दुसरी उम्म नस्री. रविवारचा ठेवणीतला झगा, हातात चर्चमधली पर्स. ती तव्यासमोर उभी राहिली आणि चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुन्तहा, मला एक झातरचं दे. कांदा जास्त."

मुन्तहाने भाकरीवर मूठभर कांदा टाकला.

"आणि ऐका," लबीबे मागे वळून म्हणाली, "मला उभं करताना माझं नाव कुणी विचारलं नाही. उम्म नस्री आहे ना, पुरे, म्हणाले. मी लबीबे. माझ्यासाठी लिहायचं तर लबीबे लिहा, हिच्यासाठी लिहायचं तर मुन्तहा. उम्म नस्री कुणीही लिहू नका, आम्ही दोघी वाया जाऊ."

मग काय विचारता! त्या दिवशी पीठ पुरलं नाही. मुन्तहा, दोन दे. मुन्तहा, माझं कधीचं सांगितलंय. पोरंटोरं तर गंमत म्हणून हाका मारून पळायची. पाद्रीबाबांनी घसा खाकरून मुन्तहा म्हटलं आणि स्वतःच लाजले. तिच्या कानात मागच्या बाकावरची खुसखुस ऐकू यायची बंद झाली. तौफीकने तेवढी हाक मारली नाही. रिकामी पोती उचलत होता आणि कुणाकडे बघत नव्हता.

मतमोजणी शाळेत झाली. बाहेरगावहून आलेले मास्तर एकेक कागद उघडून मोठ्याने वाचत होते. पहिली पेटी वरच्या आळीची. शाहीन, शाहीन, शाहीन. मग उम्म नस्री. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, कोणती, म्हणून विचारलं, आणि कागद बाजूला ठेवला. पुन्हा उम्म नस्री. पुन्हा बाजूला. मुन्तहा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर अंगणात खाली बसलेली नाया आली. फद्लो कॉफी पीत होता.

मग बैरुतकरांच्या पेट्या उघडल्या. मुन्तहा. मुन्तहा नासिफ. मुन्तहा. एकाने "मुन्तहा, भाकरीवाली" लिहिलेलं. छापील चिठ्ठ्यांवर फद्लोचं नाव खोडून वर पेन्सिलीने मुन्तहा. मास्तरांचा आवाज बसला तरी नाव येतच होतं. खालच्या आळीतले भाडेकरू, ज्यांना तिथे मतच नव्हतं, ते खिडक्यांबाहेर उभे राहून प्रत्येक हाकेला टाळी वाजवत होते. आणि मग एक कागद उघडून मास्तर थबकले. बाराच्या बारा ओळींत एकच नाव, मुन्तहा, एकाखाली एक, शाळेतल्या पोराने शिक्षा म्हणून लिहावं तसं. सभागृह हसून लोळलं. मास्तर म्हणाले, एकच मत धरलं जाईल. धरा म्हणाले सगळे.

ती निवडून आली. काठावर नाही, चांगली वरच्या क्रमांकावर. फद्लोचं अध्यक्षपद गेलं, पण पहिल्या बैठकीत तो नव्या अध्यक्षाच्या शेजारच्या खुर्चीवर होता, आणि तिने तोंड उघडताच म्हणाला, उम्म नस्री, ते पुढच्या बैठकीत बघू. ती उठून उभी राहिली. म्हणाली, नोंदीत माझं नाव मुन्तहा आहे, त्याचा अर्थ तुला ठाऊक आहे, आणि मी ते आजच बघणार. उन्हाळाभर हुज्जत चालली. शेवटी घळीच्या तोंडाशी कुलूपबंद फाटक बसलं आणि कचरा शेजारच्या गावाबरोबर बांधलेल्या शेडमध्ये जाऊ लागला. तो टेबलक्लॉथ तिने धुतला. पुरता पांढरा काही झाला नाही, पण आता तो टेबलावर असतो.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत, एका मंगळवारी, रुला नायाला घेऊन आली. मुद्दाम मंगळवारी. वारा घळीकडून होता आणि त्याला फक्त ओल्या मातीचा वास होता. पोरगी अंगणभर धावली, पडली, उठली, पुन्हा धावली. मुन्तहा तिच्या छातीला कान लावून ऐकायची आणि सोडून द्यायची. जेवताना त्या बारा ओळींच्या कागदाची गोष्ट निघाली. रुला हसून हसून बेजार झाली. म्हणाली, कोण गं असेल तो येडा?

तौफीक काकडी सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"इतकी वर्षं एकदाही हाक मारली नव्हती," तो म्हणाला. "म्हटलं, जागा आहे तेवढी भरून टाकू." मग जीभ सैल करावी तसं म्हणाला, "मुन्तहा, मीठ दे."

तिने मीठ दिलं.