हाताला न दिलेला बोर्ड

चारकोपच्या एका गाळ्यात आमचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे आम्ही ऑफिसांसाठी टेलिफोनचे बोर्ड बनवायचो, आणि त्यांची रचना माझ्याकडे होती. आमचा स्वतःचा बोर्ड मात्र जुनाच. फोन आला की त्या लाइनची पत्र्याची झडप खट्कन पडायची. आमचा ऑपरेटर पूर्ण आंधळा, मालवणकडचा, माझ्याच वयाचा. कुठली झडप पडली ते त्याला आवाजावरून कळायचं. शंका आलीच तर बोट फिरवायचा. कारखान्याचं तोंड मीच, तेव्हा मालकाने माझ्याशी तोंड सांभाळून बोलावं, असं तो म्हणायचा.

नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड करायला घेतला तेव्हा मी हवेतच होतो. नमुना मालकाला दाखवला, रंगासाठी त्यांच्या बायकोला दाखवला, चहावाल्याचंसुद्धा मत घेतलं. दर वेळी गेलो ऑपरेटरच्या टेबलावरूनच. जरा हाताला तरी दे, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, तयार होऊ दे, पहिला मान तुझाच. मला खरंच वाटत होतं की मी त्याचा लाड करतोय.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. नव्या बोर्डाला झेंडूची माळ घातली, नारळ ऑपरेटरच्या हातून फोडून घेतला आणि मी त्याचा हात धरून बोर्डावर ठेवला. बोर्ड सपाट. बटणं नुसती छापलेली, फोन आला की दिवा लागणार, बझर सगळ्या लाइनींना एकच.

"बटणां खंय आसत रे?" त्याने विचारलं.

मी त्याचं बोट एका चौकोनावर नेलं. ते तिथेच ठेवून तो म्हणाला, "इथे जरा उंचवटा दिला असतास, आणि दर लाइनीचा आवाज वेगळा. भागलं असतं ना माझं."

आधी कळतं तर दोन दिवसांचं काम होतं. आता साचा तयार होता. मालक म्हणाले, एका माणसासाठी साचा मोडू? आपल्या ऑफिसात तरी जुना बोर्ड राहू द्या म्हटलं, तर गिऱ्हाइकं हसतील म्हणाले. मी भांडायला हवं होतं. मान डोलावून बाहेर आलो, याची आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर त्याला पॅकिंगला बसवलं. माझेच बोर्ड तो खोक्यात भरायचा. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, "पुढचा करशील तो तरी दाखव."

पुढच्या बोर्डाला वर्ष लागलं. उंचवटे दिले, आवाज वेगळे केले आणि कच्चा नमुना घेऊन पॅकिंगला गेलो. तो नोकरी सोडून गावी गेला होता, त्याला महिना झाला होता. महिनाभर मी त्याच्यासाठी बटणं करत बसलो होतो आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.