हवेची जाडी आणि बाबांचा मोहर

रत्नागिरीच्या हवामान कार्यालयात मी नकाशे काढायला लागले, ते ऐंशीच्या दशकात. हवेला जाडी असते म्हटल्यावर आई फिसकन हसली. "मग तिला उपास करायला सांग!" मी तिला आंबोळीच्या पिठावरून समजावलं. उबेत पीठ फुगतं, गारठ्यात बसतं, हवेचंही तसंच. फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान आणि दाब मोजतात, त्यावरून ठरावीक दोन दाबांमधला थर किती जाड ते काढतात. थर पातळ होऊ लागला की गार हवा आली समजायचं.

एका वर्षी पौष लागला तरी आमच्या आंब्याच्या कलमांना मोहर नव्हता. मोहराला लागते ती थंडीच पडेना. बाबा दम्याने अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना गारठा सोसायचा नाही. आणि बाबांना तर गारठाच हवा! मी घरात पाऊल टाकलं की हाक यायची, "काय गो बायो, जाडी घटली काय?"

"नाही हो," म्हणताना मला बरंच वाटायचं. कलमं गेली खड्ड्यात, माझा बाप जगू दे.

मग एके दुपारी आकडे आले, आणि नकाशावर मी काढलेल्या जाडीच्या रेषा उत्तरेकडून थेट कोकणावर उतरल्या. थर पातळ होत होता. घरी बाबांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "घटली ना? अगो, मग रडतेस कशाला? आईला म्हणावं, गोधड्या काढ!"

थंडी पडली. आम्ही खिडक्यांना गोणपाटं लावली, तरी बाबांची छाती वाजतच राहिली. बाहेर कलमं मोहरली, आणि बाबांना अंगणापर्यंतही जाववेना.

शेवटी मी एक तुरा मोडून त्यांच्या हातात दिला. बागायतदाराच्या घरात मोहर मोडायचा म्हणजे पापच. बाबा ताडकन उठून बसले. "मोडलास? करंटे, आंबे गेले ना त्याचे!" किती दिवसांनी तो खणखणीत आवाज ऐकला! मी हसत होते नि रडत होते. मग त्यांनी तुरा नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

आंबे खायला बाबा राहिले नाहीत.

पुढच्या वर्षी रेषा पुन्हा खाली उतरल्या. आता हे घरी कुणाला सांगायचं, म्हणत मी पाय ओढत आले. आई दारातच उभी होती.

"काय गो बायो," ती म्हणाली, "जाडी घटली काय?"