खिडकीबाहेरच्या आत्या

एम.ए.चा वर्ग भरला होता. लिमये सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, एवढ्यात खिडकीच्या गजांतून खणखणीत हाक आली, "सुमन, ये बाय, लेकरू भुकेजलंय!"

सगळा वर्ग वळला. खिडकीत माझ्या सासूबाई उभ्या, कडेवर माझा तान्हा बाळू. सरांनी खडू खाली ठेवला.

"आपण?"

"मी हिची सासू."

"आनंद झाला. आणि हा आवाज?"

"ह्यो हिचा पोरगा."

"त्यालाही भेटून आनंद झाला. जा बाई," सर मला म्हणाले, "मानसशास्त्र कुठे पळून जात नाही."

सासूबाईंना मी आत्या म्हणे. आमचं गाव विश्रांतवाडीच्या पुढे. शहर वेशीपर्यंत येऊन ठेपलं होतं, पण गोठ्यात म्हशी अजून होत्या. लग्नानंतर मी पुढे शिकायचं म्हटलं. माझे यजमान आईच्या तोंडाकडे बघू लागले. आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शिकू दे की. तिच्या शिकण्यानं म्हशी आटत्यात व्हय?" विषय संपला. बाळू झाल्यावरही त्यांनी मला घरी बसू दिलं नाही. सकाळी धारा काढून, भाकऱ्या फडक्यात बांधून, नातवाला घेऊन त्या माझ्याबरोबर बसने कॉलेजात येत आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पोतं अंथरून बसत.

तिथे त्यांच्या कानावर बरंच काही पडे. एकदा घरी परतताना त्या काळजीत दिसल्या. "सर सांगत व्हते त्या पोराचा न्यूनगंड सुटला का गं? कुणी बांधला म्हणं त्यो?" हा गंड म्हणजे मनगटावर बांधतात तसला गंडाच, अशी त्यांची समजूत झाली होती. मी बसथांब्यापासून घरापर्यंत समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "ते सगळं खरं," त्या म्हणाल्या, "पण कात्रीनं कापायचा आन् मोकळं व्हायचं." पुढे गावात एखादं पोर लाजरंबुजरं दिसलं की आत्या आधी त्याचं मनगट तपासत.

खरी पंचाईत वेगळीच होती. लिमये सर एकाच सुरात बोलत. ते बोलू लागले की बाळू गाढ झोपे, थांबले की टाहो फोडी. एक दिवस सर प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत उभे राहिले. खिडकीतून आत्यांचा दबका पण सगळ्यांना ऐकू जाणारा आवाज आला, "सर, थांबू नगा! आत्ता कुठं डोळा लागलाय. तुमच्या बोलण्यात लई गुण हाय बघा. दुसऱ्या कशानंच झोपत नाय ह्यो."

पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "कॉलेज मला अंगाईचा पगार देत नाही. उद्यापासून एकट्या येणार असाल तर या."

एकटी येणं शक्यच नव्हतं. बाळू वरचं दूध तोंडात धरत नव्हता. परतीच्या बसमध्ये माझे डोळे वाहू लागले. मी शिक्षण सोडायची भाषा केली. आत्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "रडू नगं. उद्या मी त्या लांबच्या चिंचंखाली बसते. हाक न्हाई मारायची. भुकेजला की पदर हलवीन. तू बघ आन् गुमान ये."

तसंच सुरू झालं. माझा एक डोळा फळ्यावर, एक चिंचेकडे. सरांना कळत नसेल असं नाही, पण मी उठले की ते फळ्याकडे वळत.

मग वर्गापुढे माझा निबंध वाचायची पाळी आली. त्याचे गुण परीक्षेत धरले जाणार होते. विषय होता लहान मुलांची भीती. पहिलं पान संपतंय तोच चिंचेखालून टाहो आला. पदर हलू लागला. नुसता हलत नव्हता, वावटळीत सापडल्यासारखा फडफडत होता. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागले. निबंध अर्धवट टाकून जावं तर गुण गेले, न जावं तर पोर रडतंय.

सर खुर्चीवरून उठले आणि वर्गाबाहेर गेले. आम्ही सगळे खिडकीशी धावलो. सर चिंचेखाली पोचले होते. आत्यांसमोर हात पाठीमागे बांधून, बाळूकडे बघत ते अगदी वर्गात शिकवावं तसं बोलत होते. "स्मृतीचे मुख्य प्रकार..." एवढं आम्हाला ऐकू आलं. टाह्याचं मुसमुसणं झालं, मग तेही थांबलं. आत्या तोंडाला पदर लावून हुंकार देत होत्या.

सर परत आले. "स्मृतीचं अख्खं प्रकरण लागलं," ते म्हणाले. "वाचा पुढे. आणि सासूबाईंना सांगा, व्हरांड्यात बसा म्हणावं. एवढी पायपीट मला जमायची नाही."

मी एम.ए. झाले. पुढे मीही एका कॉलेजात शिकवू लागले. आत्यांच्या शेवटच्या दुखण्यात एकदा भर दुपारी दवाखान्यात गेले, तर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "आज तास नाय?"

"सुट्टी आहे, आत्या."

"कशाची?"

मला एकही सण आठवेना. आत्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"माझी म्हण की," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी पाय आखडून घेतले.